तेरावं पोर्ट

सोळा पोर्टांची पेटी, मागे सोळा खाचा,
नदीकाठच्या वीजघरात, जमिनीखाली दोन मजले.
वर डिसेंबर. साडेअकराला आकाश जरा निळं होतं
आणि दीडला पुन्हा मिटतं.
खाली ट्यूबलाइट. आम्हाला काही फरक पडत नाही.

जुनी पेटी काढली, नवी बसवली.
यूसो औलूहून आलाय, तीन तास बर्फातून,
त्याच्याकडे छापील यादी:
एक ते चार टर्बाइन, पाच दरवाजे, सहा तेलाचं तापमान…
तेरासमोर लिहिलंय: रिकामं.

मी म्हटलं, रिकाम्या खाचेत वायर कशी?
तो म्हणाला, इर्मेली, जुन्या घरात
असतेच की एखादी किल्ली, कुलूप हरवलेली.

एकेक पोर्ट बोलतं केलं.
आधी वेग सांगायचा: नऊ हजार सहाशे.
मग अक्षर किती बिटांचं, सम की विषम,
अक्षर संपलं की किती थांबायचं.
यातलं एक जरी चुकलं
तरी समोरचा बोलतच राहतो,
आणि आपल्याला ऐकू येते
कवळी काढून ठेवलेल्या माणसाची शिवी.
सातव्याची वायर सरळ निघाली, तिढ्याची हवी होती.
एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी यावं लागतं,
नाहीतर तोंडासमोर तोंड, कानासमोर कान:
माझ्या आणि पेन्त्तीच्या संसाराची शेवटची सहा वर्षं.

यूसो थर्मासमधून कॉफी ओतत होता
तेव्हा तेराचा दिवा लुकलुकला.
हिरवा. एकदाच.
मी घड्याळ पाहिलं.
दहा मिनिटांनी पुन्हा.

नऊ हजार सहाशेवर काहीच नाही.
चोवीसशेवर दोन प्रश्नचिन्हं आणि एक चौकोन.
बाराशेवर नुसता कचरा.
प्रत्येक चुकीला दहा मिनिटं लागत होती,
कारण ते काही आमच्यासाठी पुन्हा बोलणार नव्हतं.
यूसो म्हणाला, उपटून टाक, मला अंधारात गाडी चालवायचीय.
मी म्हटलं, इथे अंधार नसतो कधी?

तीनशे. सात बिटं. सम.
कुणी आता तीनशेवर बोलत नाही,
तीनशेवर माणूससुद्धा अक्षर न् अक्षर वाचू शकतो:

वर ००००
खाली ००००

मग मी टॉर्च घेतला आणि वायरीच्या मागे गेले.
ट्रेवरून, भिंतीतल्या भोकातून, बाहेर,
मांडीइतक्या बर्फात, धरणाच्या डाव्या अंगाला,
जिथे माशांचा जिना आहे.
काँक्रीटच्या पायऱ्या, पाणी गोठलेलं,
आणि एक करडं कपाट, दार उघडंच.
सॅल्मननी समुद्राकडून परत यावं, धरण चढून जावं
म्हणून बांधला होता. उद्घाटनाला सूप होतं,
मी नऊ वर्षांची होते, मंत्र्यांच्या टायवर सांडलेलं आठवतंय.
मासे काही आले नाहीत.
जिना राहिला. मोजणारा राहिला.
दर दहा मिनिटांनी, हिवाळ्यातही,
बर्फालाही विचारून घेतो: कुणी गेलं का वर?

परत आले तेव्हा पापण्यांवर बर्फ होता.
यूसोने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही लगेच.
पेटीच्या मेनूत शेवटची ओळ राहिली होती:
पोर्ट गप्प राहिलं तर किती वेळाने जोडणी तोडायची?
कारखान्याचा आकडा पाच मिनिटं.
म्हणजे याचं प्रत्येक वाक्य सुरू व्हायच्या आतच
आपण फोन ठेवून दिलेला.

मी शून्य टाकलं.
पुस्तिकेत लिहिलंय, बारीक अक्षरात,
शून्य म्हणजे: कधीच तोडू नये.

यूसो यादीवर पेन टेकवून उभा.
"रिकामं" खोडलंय. काय लिहू, म्हणाला.
जिना, म्हटलं.
आणि तो कुणाला लागतो म्हणून लिहू?
कॉफी गार झाली होती.
पुढचा दिवा दोन पन्नासला.
तोवर चौदा घेऊ.